शेऱ्याचा रकाना

येऊरच्या नाक्यावर साडेसहाला माझी सही.
मग जान्या तुंबडा पुढे, मी मागे.
बारा थांबे, प्रत्येक थांब्यावर दहा मिनिटं.
बोलायचं नाही, खोकायचं नाही,
दिसेल तो पक्षी, ऐकू येईल तो पक्षी,
पुढे आकडा.

पहिले तीन थांबे गिरिपुष्पाचे.
माझ्या नोकरीच्याही आधी कुणीतरी दोरी धरून लावलेले,
दोन मीटरवर एक, दोन मीटरवर एक,
कवायतीला उभ्या केलेल्या पोरांसारखे.
माघात गुलाबी होतात, लोक गाडी थांबवून फोटो काढतात.
बुलबुल चार. शिंजीर दोन.
उरलेला वेळ जान्या आपली नखं बघतो.

ओहोळ ओलांडला की ऐन, कुसुम, उंबर,
कोण कुठे उगवलं याचा कागद नसलेलं रान.
तिथे हात पुरत नाही.
हळद्या, टकाचोर, महाभृंगराज,
कारवीखाली पानं उलथीपालथी करणारा कस्तूर,
आणि वर कुठेतरी तांबट.
सकाळपासून ठोकतोय,
अजून एक भांडं पुरं झालेलं नाही.

पाचव्या थांब्यावर मोईचं झाड होतं.
वठलेलं. साल गळून अंग हाडासारखं पांढरं,
अंगभर भोकं.
खाली घोडबंदर रोडवरून, चोविसाव्या मजल्यावरून,
तक्रार आली होती:
वाळकी झाडं गॅलरीतून वाईट दिसतात,
वणव्याचीही भीती आहे, स्वच्छता व्हावी.
तक्रारीचा कागद वर गेला
आणि खाली येताना आदेश होऊन आला.
मी टेप घेऊन दोन दिवस फिरले.
घेर एकशे चाळीस. स्थिती: मृत. शेरा: काढून टाकावे.
एकवीस झाडं. एकवीस वेळा तेच,
माझ्या चांगल्या अक्षरात.

करवत चालू व्हायच्या आधी
जान्यानं खोडाला कान लावला.
म्हणाला, बाई, आत कुणीतरी पाढे म्हणतंय.

मी म्हटलं, यादीत आहे.

पुढच्या वर्षी त्या थांब्यावर ऊन होतं,
आणि उन्हामागून आलेली घाणेरी, कंबरेइतकी.
सुतार शून्य.
सुतारानं कोरून सोडलेल्या खोल्यांत जे राहायला यायचे,
पिंगळा, राघू, दयाळ,
त्यांच्यापुढे शून्य, शून्य,
दयाळ एक, लांबून, तोही बहुधा बंगल्याच्या कुंपणावरचा.
शून्य लिहायलाही
दहा मिनिटंच उभं राहावं लागतं.

साहेबांनी अहवाल वाचला. माणूस वाईट नाही.
म्हणाले, पक्षी आहेत, मॅडम, गेले असतील दुसरीकडे.
दुसरीकडे.
मी घरी जाताना उपवनच्या वळणावर थांबून बघितलं.
तलाव, हातगाड्या, टॉवर, टॉवर,
एका टॉवरचं नाव फॉरेस्ट व्ह्यू.

झाड मेलं की
त्याच्या आत मऊ होत जातं काहीतरी,
आधी वाळवी, मग अळ्या, मग चोच.
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
प्रशिक्षणात मृत म्हणजे
घनमीटर किती, एवढंच होतं.

यंदा पुन्हा नमुना आलाय, तेच रकाने.
सातव्या थांब्याला काटेसावर वठली आहे.
शेंडा मोडलेला, एकही पान नाही,
कुणालाही विचारा, मेलेलीच म्हणेल.
मी खोडाला टेप गुंडाळते आणि वरच्या भोकातून
लाल तुरा बाहेर येतो,
एका डोळ्यानं मला तपासतो,
आत जातो.

घेर एकशे बारा.
स्थिती: जिवंत.

जान्या खांद्यावरून बघतोय.
वाचता येतं त्याला.
काही म्हणत नाही, फक्त टेपचं दुसरं टोक
थोडं वर सरकवतो, छातीइतक्या उंचीवर,
नियमात बसेल असं.

शेऱ्याचा रकाना मी कोरा सोडला.
घेर मात्र आम्ही
दोनदा मोजला.