लेस्टर फॉरेस्ट ईस्ट

तू ल्यूटनहून वर येतेस, मी शेफील्डहून खाली.
मोटरवेच्या दोन अंगांना आपल्या दोन गाड्या,
मधे पूल.
दर दुसऱ्या शुक्रवारी सहाला त्या पुलावर
शाल्मलीची बॅग हात बदलते.
"इनहेलर पुढच्या कप्प्यात. उद्या पोहणं."
आपलं बोलणं आता एवढंच,
तेही बॅगेकडे बघून.

तिचा दात कधीचा हलत होता.
माझ्याकडे असताना पडावा, असं वाटायचं मला.
तुलाही वाटत असणार.
कोर्टाच्या कागदात नाताळ, वाढदिवस,
गणपतीसुद्धा वाटून झालेत,
दाताचं कलम तेवढं राहिलं.

आज पडला. चिप्स खाताना, पुलाच्या मधोमध.
टिशूत धरून तिनं विचारलं,
"आजी म्हणते छपरावर टाकायचा.
कुठल्या घराच्या?"

माझ्या फ्लॅटवर आणखी चार मजले.
तुझं छप्पर मी पाहिलेलं नाही.
तू माझ्याकडे बघितलंस, मार्चनंतर आजच.

तुझ्या बाजूच्या पार्किंगमध्ये
सिगारेटवाल्यांसाठी पत्र्याचा आडोसा आहे.
दोनदा दात घरंगळत परत आला.
तिसऱ्यांदा मी तिला उचललं, तू बॅग धरलीस.

गाडीत बसताना म्हणाली,
"इथला पोस्टकोड काय?
उंदराला सांगायला हवा ना."