पाठ

ब्रेमेनच्या लिलावघरात माझं काम एवढंच:
पांढरे हातमोजे घालायचे,
क्रमांक पुकारला की चित्र स्टँडवर ठेवायचं,
मागे उभं राहून दोन्ही कडा धरायच्या
आणि हलायचं नाही.
एकोणीस वर्षं झाली.
लोक चित्राचं तोंड बघतात,
माझ्या वाट्याला येते पाठ.

अशा शेकडो पाठी मला पाठ आहेत.
गंजके खिळे, डिंकाचे ओघळ,
किड्यांनी चौकटीत पाडलेली टाचणीएवढी भोकं,
दुकानांच्या चिठ्ठ्या, एकीवर दुसरी,
आणि कधीकधी नुसताच एक चौकोन,
आजूबाजूच्या कापडाहून उजळ,
जिथं कुणाचं तरी नाव होतं
आणि ते नखानं खरवडून काढलंय.
असा चौकोन दिसला की मी वर कळवतो.
डॉक्टर ल्युडेके चष्मा कपाळावर सरकवतात,
म्हणतात, बघतो.
कधी बघतात.

आज क्रमांक सत्त्याऐंशी.
मेख्टिल्ड ओस्टरकाम्प.
कॅटलॉगात दोन पानं, तिच्यावर चार ओळी:
जन्म, मृत्यू, आणि मधे "अल्पपरिचित".
या शब्दानं किंमत चढते, हे मला इथंच कळलं.
हयातीत तिची तीन चित्रं खपली,
त्यातलं एक दाताच्या डॉक्टरनं
दाढ काढायच्या बदल्यात ठेवून घेतलं.

तिच्या पाठीवर ना चिठ्ठी, ना शिक्का.
पेन्सिलीनं, तिरपं, घाईघाईत:
लोणी पाव पौंड
टर्पेंटाइन
बटाटे, उद्या
योस्टचे बूट – चांभाराला म्हणावं आठवडाभर थांब
कोळसा

आणि कोळशावर काट.

बोली आठ हजारांवर उघडली.
फोसविंकेलबाई हातोडीच्या टोकानं हवेत टोचत जातात:
नऊ. साडेनऊ, भिंतीपाशी. अकरा, टेलिफोन.
टेलिफोनवर इंगा बोलतेय, तोंडावर हात धरून,
कुठल्यातरी दूरच्या देशातल्या सकाळशी.
बावीस.
मी वाचतो, लोणी पाव पौंड.
एकतीस.
तिसऱ्या रांगेतले म्हातारे गृहस्थ
हातातला फलक मांडीवर पालथा घालतात,
बायकोकडे बघतात. बायको खिडकीकडे.
चाळीस. बेचाळीस.
त्रेचाळीस हजार, एक वार –
योस्ट कोण? मुलगा? भाऊ?
दोन वार –
आठवडाभर तो काय घालून हिंडला?
तीन वार.

हातोडीचा आवाज अगदी छोटा असतो.
सुपारी फुटावी एवढा.

संध्याकाळी पॅकिंगच्या खोलीत निरोप आला:
घेणाऱ्यांना मागची बाजू स्वच्छ हवी आहे.
पाठीवर नवी फळी, आठ स्क्रू.
वीबकं म्हणाली, पुसायला तर सांगितलं नाही ना,
मग झालं तर. झाकलेलं राहतं.
ती हात धुवायला गेली.

तेव्हा मी चित्र वळवून भिंतीला टेकवलं
आणि पहिल्यांदा समोरून बघितलं.
दलदल, कालवा, उतरती पिवळी वेळ.
लांबवर एक काळं शीड, त्याखाली नाव,
काठोकाठ भरलेली:
दलदलीतून कापलेल्या मातीच्या विटा,
वाळवलेल्या, चुलीसाठी.
कोळसा परवडत नाही ते हेच जाळायचे इकडे,
माझी आजीसुद्धा. धूर डोळ्यांत जायचा.

कोळसा मिळाला म्हणून काट मारली असेल,
किंवा जमणार नाही म्हणून.
काट दोन्हीची सारखीच दिसते.

नाव कुणाच्या दाराला लागणार होती
ते चित्रात नाही. वल्हं धरलेल्या माणसाला
तिनं तोंडही काढलेलं नाही,
नुसती पाठ.

मी चित्र पालथं घातलं, फळी बसवली,
सात स्क्रू पिळले.
आठवा सापडेना.
टेबलाखाली वाकून शोधत राहिलो बराच वेळ,
सापडल्यावरसुद्धा.