बत्तीसचा नट

नोव्हेंबरपासून पुढचं डावं चाक घुमतंय.
साठच्या वर गेलं की सुरू,
उजवीकडे वळलं की चढतो आवाज,
डावीकडे वळलं की दम खातो.
शिपागानच्या गॅरेजवाल्याने आठशे डॉलर सांगितले.
माझे सासरे, नेरे, ऐकून हसलेच :
"आठशेत मी बोट घेतली होती, मेलिना. इंजिनासकट."

म्हणून हा शनिवार. उणे सहा.
दारातल्या बर्फावर प्लायवूड,
मागच्या चाकांना बर्चचे ओंडके.
मी जॅक उचलला तर नेरे ओरडले,
"आधी नट, मग जॅक!
चाक जमिनीवर आहे तोवरच
जमीन तुझ्या बाजूने असते."

ॲक्सलचा नट. बत्तीसचा.
सात हिवाळे रस्त्यावर मीठ पडलं,
समुद्राने आपलं वेगळं घातलं,
आणि खाल्ल्या मिठाला असं जागणारं
मी दुसरं काही पाहिलेलं नाही.
तेल पाजलं. तापवला. हातोडीने समजावलं.
जागचा हलेना.
शेवटी पान्याला बोटीवरची लोखंडी नळी जोडली,
नेरेंनी तिचं टोक धरलं, आणि मी वर चढले.
माझं वजन मी कुणाला सांगत नाही.
नटाला सांगितलं.

कडाड्.
वाटलं नळी गेली, मग वाटलं माझं हाड.
नेरे गुडघ्यावर बसून वाकले, छातीवर क्रूस काढला.
पाव फेरा.

पुढचे तीन तास काय सांगायचे.
हब सुटेना तेव्हा नेरे
चर्चमधल्या एकेका भांड्याचं नाव घेऊन शिव्या देत होते,
आणि कोराली, वय सहा,
खिडकीतून ती यादी पाठ करत होती.
जुनं बेअरिंग तुकड्यातुकड्यांनी निघालं.
एका गोळीच्या तोंडावर देवीचे वण.
एवढ्याशा खड्ड्यापायी
अख्खी गाडी दोन महिने कण्हत होती.

नवं बेअरिंग कालपासून फ्रीझरमध्ये,
ब्लूबेरीच्या पिशव्या आणि कॉडच्या मधोमध.
गारठ्याने ते केसभर आक्रसतं.
इकडे मी त्याचं घर टॉर्चने तापवते,
ते केसभर फुगतं.
या दोन केसांच्या फटीत
आपलं सगळं काम उरकायचं असतं.
"आता!" नेरे म्हणाले,
आणि ते आत गेलं,
टपालाच्या पेटीत पत्र पडावं तसं.

मग डिस्क, कॅलिपर, चाक, गाडी खाली.
एकशे ऐंशीला टॉर्क पाना टक् म्हणाला.
राहिली फक्त स्प्लिट पिन.
ती नेरेंनी स्वतःकडे घेतली.
त्यांची बोटं हल्ली थरथरतात.
पिन भोकाच्या अवतीभवती फिरत राहिली,
दार विसरलेल्या माशीसारखी.
मी हात पुढे केला नाही.
शेजाऱ्याच्या छपरावरचा बर्फ पाहत राहिले,
त्यात पाहण्यासारखं बरंच आहे असं दाखवत.
वेळ लागला.
बसली.

धक्क्यापर्यंत चालवून आलो.
साठ. सत्तर. नव्वद.
घूं नाही.
आता मागच्या सीटखाली कुठेतरी
एक नाणं खुळखुळतंय ते ऐकू येतं,
आणि सासऱ्यांचा श्वास.
"उजव्या चाकाचंही वय तेवढंच आहे,"
ते म्हणाले, उगाच,
मी फार खूश होऊ नये म्हणून.

रात्री आल्बर्टाहून लुडजेचा फोन.
गाडी त्याची. नाताळला तो आला नव्हता.
"गॅरेजचे आठशे पाठवू ना?"
म्हटलं, नको, झालं.
"कुणी केलं?"
मी आणि तुझ्या बाबांनी.
मग तिकडून बराच वेळ काही नाही.
नखांत ग्रीस तसंच,
मी फोन कानाशी धरून बसले,
विषय हळूच वळवत,
एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे,
कुठल्या वळणावर आवाज चढतो
ते ऐकत.