डावीकडे कललेला

सकाळी सव्वासहाला भोपळा डावीकडे कललेला होता.
तसा कालही थोडा होता,
पण काल मी ते लाडात काढलं.

भोपळा म्हणजे आमचा गोल्डफिश.
नाव हृषीने ठेवलं, नववीत असताना.
आता तो हॅलिफॅक्सला असतो
आणि व्हिडिओ कॉलवर आधी टाकी दाखवायला सांगतो,
मग आम्हाला.

चौतीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटांच्या शीटवरचे दोष बघितले.
फुटलेली शाई, सरकलेला आकडा,
भिंग डोळ्याला, लाल पेन्सिलीची खूण, पुढचं शीट.
शोधणं माझं काम होतं.
बरं करणं माझ्या खात्यात नव्हतं.

तेच भिंग काढलं, काचेवरचं शेवाळ पुसलं.
याला ‘आ कर’ म्हणता येत नाही.
कुठे दुखतं विचारलं
तर तोंड उघडतो, मिटतो, उघडतो.
हे तो बरा असतानाही करायचा.

कल्ले मोजले, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत.
मिनिटाला एकशे दहा.
जास्त की कमी, काय माहीत.
चांगला होता तेव्हा कोणी मोजलेच नव्हते.

शालन म्हणाली, थंडी असेल,
निफाडात पारा सहावर आलाय, पेपरात आहे.
थर्मामीटर बुडवला. एकोणीस.
“एकोणीस त्याला काही नाही,” इद्रिस फोनवर म्हणाला,
बिटकोच्या मागच्या गल्लीतला,
त्याच्या बोलण्यामागे कायम पन्नास टाक्या बुडबुडत असतात.
मग एकेक विचारत गेला:
वरून बघा, खवले कणसासारखे उभे राहिलेत?
नाही.
मिठाचे दाणे भुरभुरल्यासारखं काही अंगावर?
नाही.
पर मिटून धरलेत?
थोडेसे.
शी कशी होतेय?
मी आवाज खाली आणला.
पांढरी. दोऱ्यासारखी. लोंबत राहते.
“मग पोट. दोन दिवस उपाशी ठेवा,
नंतर उकडलेला मटार, साल काढून, अर्धाच.”

शालन बराच वेळ ओटा पुसत राहिली.
मग म्हणाली, आठ दिवस झाले,
मी त्याला भाकरीचा चुरा घालतेय.
आपण जेवत असलो की बघत बसतो.

म्हणजे लागला छडा.
तरी दुपारी पुन्हा बसलो, टॉर्च घेऊन,
सवय, एक दोष सापडला म्हणून शीट सोडायचं नाही.
डाव्या कुशीवर, परामागे, तिसऱ्या ओळीत
एक खवला नव्हता.
बाकी सगळी छपाई जागच्या जागी,
तेवढाच एक ठिपका कोरा, गुलाबी.

भाकरीने खवला निघत नाही.

कोपरापर्यंत हात घालून किल्ला बाहेर काढला,
हृषीने खाऊच्या पैशांतून आणलेला, प्लास्टिकचा,
खालच्या खिडकीच्या चौकटीला
तो खवला चिकटलेला होता.
भिंगाखाली केशरी, कडेला काचेसारखा,
आत वर्तुळात वर्तुळ.
बोटाएवढा होता तेव्हापासून
भोपळा त्याच खिडकीतून ये-जा करतो.
खिडकी तेवढीच राहिली.

पोट की जखम? इद्रिसला परत फोन.
“दोन्ही असेल ना काका,
माणसाला नसतं का एका वेळी दोन.”
मीठ मोजून घातलं, तिसरा भाग पाणी बदललं,
आदल्या रात्री बादलीत भरून ठेवलेलं,
आपलं नळाचं थेट नको म्हणतात.
किल्ला न्हाणीघरात पालथा.
टाकीतल्या खड्यांवर त्याच्या जागी चौकोन उरला,
बाकीच्यांपेक्षा उजळ.

साडेआठला कॉल आला.
आधी टाकी दाखवा, बाबा.
मी फोन थोडा डावीकडे कलवून धरला,
जेवढा तो कललाय तेवढाच,
म्हणजे भोपळा सरळ दिसला.
पाण्याची रेघ मात्र तिरकी झाली,
ते मला उशिरा कळलं.

हृषी काही बोलला नाही.
मग म्हणाला, किल्ला कुठाय?

धुवायला काढलाय, म्हटलं.
मागे शालन मटार सोलत होती,
दोन दिवस आधीच,
अर्ध्या दाण्यासाठी पाव किलो.