दुसरं गेट

बंगळूरच्या मीटिंगमध्ये माझा चेहरा एका चौकोनात,
मागे टिळकवाडीतल्या भाड्याच्या खोलीची खिडकी.
"ऑर्डरमागे ही सात मिनिटं कुठं जातात?"
निवेदितांनी आलेखावर बोट ठेवलं.
बेळगावचा एक ठिपका लाल,
रोज संध्याकाळी, त्याच जागी.
मला खिडकीतून घंटा ऐकू येत होती.
मी म्यूटवर होते.

म्हणून शनिवारी भरमा कंग्राळकरच्या मागे बसले.
पेटी माझ्या मांडीवर,
आत कुणाची तरी बिर्याणी, पोटाला ऊब देणारी.
हिंदवाडीतनं कॅम्पात. नकाशा म्हणाला, नऊ मिनिटं.
नकाशावरची गल्ल्यांची नावं भरमा वाचत नाही,
कन्नडातलीही नाही, इंग्रजीतलीही नाही,
त्याला वळणं पाठ आहेत.

दुसऱ्या गेटाशी दांडा आडवा पडला.
त्यानं चावी फिरवली.
"पहिल्या गेटाकडनं गेलो असतो तर?"
"तेबी पडलंय की. गाडी एक, गेटं तीन."

जमत गेले, तांबडे टी-शर्ट, नारिंगी टी-शर्ट.
बसलिंग फोनवर: "गेट हाक्यार री सर, गेट!"
शाहीननं तेच मराठीत सांगितलं दुसऱ्या कुणाला.
भरमानं कुणालाच नाही.
"गिऱ्हाइकाला गेट म्हणजे थाप वाटतंय."

मी वही काढली. ॲपात काय पाहिजे तुम्हाला?
सगळे हसले आधी.
मग बसलिंग: हॉटेलवाला "झालं, झालं" म्हणतो,
त्याचं एक "झालं" किती मिनिटांचं
ते ऑर्डर घेण्याआधी दिसू दे.
शाहीन: वडगावात आत सोडून आलं की परतीला पेटी रिकामी,
पेट्रोल माझं.
येतानाची ऑर्डर जोडा, नाहीतर रिकाम्या वाटेचं काहीतरी द्या.
भरमा शेंगा सोलत होता, फोलपटं खिशात घालत.
"काय लिहूलालाय मॅडम? हे लिहा.
रात्री साडेधाला बोनसला एक ऑर्डर कमी असती,
आन् नेमकं तवाच मशीन मुकं होतंय.
का होतंय तेवढं सांगा. बाकी आमचं आम्ही बघतो."
ते मी लिहिलं नाही.
उत्तर मला ठाऊक होतं.

म्हटलं, गेट पडलं की दाबायचं बटण करू?
मागच्यांना आधीच कळेल.
भरमानं रुळाकडे बोट केलं.
तिथं शेंगावाली रत्नव्वा. घंटा झाली की
एका नंबरला मिस्ड कॉल देते,
तो पुढच्याला, तो पुढच्याला.
चार वर्षं झाली. एकदाही हँग नाही.

मालगाडी आली, लोंढ्याकडची, संपेचना.
बसलिंग डबे मोजत होता.
शाहीन घरी लेकाला सांगत होती, तिसरी शिट्टी झाली की गॅस बंद कर.
भरमानं हेल्मेट काढून डोकं खाजवलं, सावकाश,
दिवसभरात पहिल्यांदा.
"ही सात मिनिटं तुमच्या मशीनला कळत न्हाईत.
कळली तर तीबी कापतील.
पैसे मिळणार असतील तर दाबूया बटण.
नसतील तर रत्नव्वा हाय."
बिर्याणी मांडीवर कोमट झाली होती.

सोमवारी मी लिहून पाठवलं:
थांबणं हेही काम आहे. मिनिटाला दीड रुपया.
निवेदिता म्हणाल्या, कल्पना चांगली आहे,
सहा आठवडे करून बघू,
पण गेट कधी पडतं याचा डेटा आणणार कुठून?

रत्नव्वाचा नंबर माझ्या वहीत होता.
वही मी मिटली.
खिडकीबाहेर घंटा सुरू झाली,
मी म्यूट काढला.
"तुमच्याकडून कसला तरी आवाज येतोय,"
कुणीतरी म्हणालं,
"बंद करता का?"