माप

दोरीच्या आत येऊ नका, आजी, म्हणतो हा पोरगा.
गणवेश नवा, कॉलरखाली पुळी.
बरं. नाही येत.
पण सांगून ठेवते, या गाडीत सगळ्यांत आधी बसले ती मी.
तेव्हा हिला इंजिन नव्हतं,
चाकं नव्हती, रंग नव्हता;
नुसता लाकडी सांगाडा
आणि त्यावर ठोकत आणलेला अर्धामुर्धा पत्रा.

चोपन्नचा जानेवारी. मोदेनाच्या अलीकडे, रेल्वेफाटकालगतचं वर्कशॉप.
धुकं असं, की दाराला टेकवलेली सायकल
दारातून दिसायची नाही.
शर्यतवाला कोर्रादो तिकडे पार्मात तापाने फणफणलेला
आणि मालकाला सीटचं माप आजच हवं.
कुणीतरी म्हणालं, आपल्या निवेसची अंगकाठी अगदी तश्शीच.
हसले सगळे.
मी सुई गळपट्टीत खोचली, स्कर्ट आवरला
आणि चढले.

पत्रा ठोकायचा लेआर्को. नकाशा-बिकाशा काही नाही.
वाळूची पिशवी, झाडाचा ओंडका
आणि डाव्या हाताचा तळवा,
तो फिरवायचा पत्र्यावरून डोळे मिटून,
गाभण गाईच्या पोटावरून गुरांचा डॉक्टर फिरवतो तसा.
म्हणायचा, वारा आंधळा असतो, बाई,
त्याला चाचपूनच कळतं.
नीट बघ: उजवं मडगार्ड डाव्यापेक्षा बोटभर फुगीर.
उजवं केलं त्याने बायको बाळंत झाली त्या आठवड्यात.

आणि हा लाल.
टोमॅटोचा नव्हे, चेरीचा नव्हे.
सुई टोचल्यावर बोटाच्या टोकाशी थेंब उभा राहतो ना,
ओघळायच्या आधीचा,
तो.

मे महिन्यात शर्यत आमच्या रस्त्याने गेली.
आई, मी, शेजारची आर्जिया, न्हाव्याने बाहेर काढून ठेवलेली खुर्ची.
आधी कोंबड्या गप्प झाल्या.
मग कॉफीच्या कपातली चमची आपोआप वाजायला लागली.
मग आवाज.
शिंपीण मी, मला दुसरं काय सुचणार,
कोरं, जाड, तागाचं कापड
कुणी पार क्षितिजापासून फाडत आणतंय
आणि आपण बरोब्बर त्या रेघेवर उभ्या.
दिसलं काय? पाठ दिसली.
हातांनी झिजवलेल्या साबणाच्या वडीसारखी,
कुठे कोपरा म्हणून नाही.
आणि आत कोर्रादो,
ज्याला कुणी सांगितलंच नव्हतं
की तो माझ्या मापात बसलाय.

जिंकली का, विचारतोस?
पिआचेन्झाच्या पुढे तेलाची नळी फुटली.
रात्री कुणाच्या तरी बैलांनी ओढून आणली म्हणे.
पाटीवर यातलं काही नाही,
पाटीवर वजन आहे, वेग आहे, दान करणाऱ्याचं नाव आहे.
आम्हाला दोन महिने पगार नव्हता.
तरी लेआर्को संध्याकाळी तिच्यावरचं फडकं उचलायचा,
एकदा बघायचा,
पुन्हा झाकायचा,
आणि मग घरी जायचा.

ही सीट माझी नाही.
टाके बघ, सगळे एकसारखे, मशीनचे.
माझ्यात मांडीखालचे सात तिरके होते,
स्टोव्ह विझला होता त्या रात्री, बोटं वळत नव्हती.
कुणीतरी उसवून टाकले असतील.
टाकू देत.
डोळे मिटले की गुडघे अजून वाकतात त्याच कोनात,
टाच अजून शोधते
तेव्हा न बसवलेला ब्रेक.

तुझी कंबर किती रे? नको सांगू.
अठ्ठावीस. खांदे सोळा. डावा खांदा जरा उतरता.
साठ वर्षं दुसरं केलं काय मी.
मावशील तू हिच्यात.
मी आता नाही मावणार.

अरे, माझ्याकडे काय बघतोस.
सकाळपासून पाठ करून उभा आहेस तिच्याकडे.
वळ.