वाऱ्याचा रकाना

आमच्या मैदानाला कुंपण नाही.
चुना फासलेले दगड आहेत, ओळीनं मांडलेले,
त्यांच्यामागं पठार संपतं आणि दरी लागते.
चाळकेवाडीचा वारा फलंदाजाच्या पाठीमागून येतो,
टोप्या नेतो, आखलेल्या रेषा नेतो,
एकदा हजेरीपटातला अख्खा ऑगस्ट घेऊन गेला.

मी स्कोअर लिहितो. तसा मी शाळेचा क्लार्क.

वैजयंता लोखंडे, दहावी ब.
घरच्या मैदानावर बारा होमरन.
बाहेर एक.

सांगलीत निवडीच्या टेबलावर
घोरपडे सरांनी माझी वही उघडली,
बोट बारावर ठेवलं, चष्मा कपाळावर नेला :
"भाऊसाहेब, हे होमरन पोरीचे की पवनचक्कीचे?"
सगळे हसले.
मीही हसलो. चहा त्यांचा होता.

परतीच्या एसटीत, कराडच्या पुढं,
वही गुडघ्यावर घेऊन मी मागची पानं काढली.
पाहुण्या संघांच्या चव्वेचाळीस पोरी
आमच्याच मातीवर, त्याच वाऱ्यात खेळून गेल्या.
सगळ्यांचे मिळून होमरन चार.
आता बारातून चार वजा करायचे,
की वाऱ्याला काही टक्के द्यायचे,
मला नाही सांगता येत. फीच्या पावत्या जुळवणारा माणूस मी.
पण कसंही केलं तरी शून्य येत नाही
एवढं मात्र नक्की.

आणि सांगलीचं ते मैदान?
नदीच्या पातळीवर, हवा जड, माती काळी.
चेंडू पडला की तिथंच बसतो,
पंगतीतनं उठून ओसरीवर टेकावा तसा.
तिथल्या पिचर पोरींच्या आकड्यांतून
कृष्णा कुणी वजा केली?
हे मला टेबलावर सुचायला हवं होतं.
सुचलं उंब्रजच्या थांब्यावर, शेंगा सोलताना.

दुसऱ्या दिवशी वैजयंताला काही सांगितलं नाही.
तिला कळलं होतं. पठारावर बातमी वाऱ्याआधी पोचते.
म्हणाली, "सर, सहानंतर थांबाल? वारा पडतो तेव्हा."

थांबलो.
पाती एकेक करून मंदावली,
मग पठारावर फक्त टिटवी.
शिपाई मुलाणींनी चेंडू टाकला,
त्यांना येतो तसा, सरळ.
ठण्.

दगडांच्या अलीकडं पडला.
ती स्वतः गेली आणायला, पावलं मोजत,
ओठ हलताना मला इथून दिसत होते.
चेंडूपाशी थांबली नाही, दगडापर्यंत मोजत गेली.
परत येऊन म्हणाली, "नऊ कमी."
आणि बॅट उचलून पुन्हा उभी राहिली.

मी वहीत एक नवा रकाना आखला.
वर काय लिहावं कळेना,
म्हणून आधी नऊ लिहिले.